एलेव्हेटर १२ मिमी म्हणजे नेमकं काय: आरसी विमानाचे थ्रो आधी आर्मवर, मग रेडिओवर

आरसी, म्हणजे रेडिओवर चालणाऱ्या विमानाच्या प्लॅनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: एलेव्हेटर (शेपटीचा आडवा हलता पृष्ठभाग) १२ मिमी वर-खाली, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा) १० वर आणि ६ खाली, रडर (शेपटीचा उभा) दोन्ही बाजूंना २२. पृष्ठभागाची ही हालचाल म्हणजे थ्रो. विमान जोडून झालेलं असतं आणि उद्या सकाळी मैदानावर जायचं असतं. मग बहुतेक जण पट्टी लावतात, एलेव्हेटर ३० मिमी हलतोय हे बघतात, रेडिओचा मेनू उघडतात आणि एंड पॉइंट (पृष्ठभाग टोकाला किती टक्के जाईल तो आकडा) १०० वरून ३५ वर आणतात. पट्टीवर १२ भरले की काम संपलं. असं विमान आणि नीट लावलेलं विमान जमिनीवर शेजारी ठेवलं तर फरक ओळखू येत नाही. हवेत मात्र लगेच येतो.

माझ्या पहिल्या चार चॅनेलच्या विमानावर मी नेमकं हेच केलं होतं. उडालं, पण सरळ रेषेत एकदाही गेलं नाही. नाक जरा वर, जरा खाली, पुन्हा वर. ट्रिम (स्टिक सोडल्यावर पृष्ठभाग जिथे थांबतो ती जागा किंचित सरकवणारं बटण) एक टिचकी दिली तरी जास्त, काढली तरी कमी. तिसऱ्या फेरीत मी थकलो आणि ते ज्वारीच्या शेतात उतरवलं. मी आठवडाभर सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य), मोटरचा कोन, पंखाचा पीळ असं सगळं तपासत बसलो. शेवटी एका अनुभवी उडवणाऱ्याने एलेव्हेटरची मागची कड दोन बोटांत धरून हलवली. सर्व्हो (पृष्ठभाग हलवणारी छोटी मोटर) जागेवर होता, तरी कड जवळपास मिलिमीटरभर हलत होती. त्यांनी स्क्रू सोडला, पुशरॉड (सर्व्होपासून पृष्ठभागापर्यंतची तार) आर्मच्या (सर्व्होवर फिरणाऱ्या भोकांच्या दांडीच्या) बाहेरच्या भोकातून काढून आतल्या भोकात घातला आणि एंड पॉइंट परत १०० केला. तेच विमान त्याच दिवशी रुळावर चालल्यासारखं उडालं. तेव्हापासून थ्रो लावताना मी रेडिओकडे सगळ्यात शेवटी वळतो.

असं का होतं, ते एकदा आकड्यांत पाहू. एसजी-९० या ९ ग्रॅमच्या सर्व्होचा डेड बँड १० मायक्रोसेकंद असतो, म्हणजे त्याहून लहान बदल त्याला कळत नाही. पूर्ण स्टिकची हालचाल १००० ते २००० मायक्रोसेकंद धरली तर त्याच्याकडे जेमतेम १०० पायऱ्या आहेत. एंड पॉइंट ३५ केला की उरल्या ३५. ४५ मिमी रुंद एलेव्हेटरवर यातली एक पायरी सुमारे ०.७ मिमीची होते. तेच काम निम्म्या लांबीच्या आर्मने केलं तर पायरी ०.३५ मिमीवर येते. सर्व्होच्या गिअरमध्ये एक अंशाचा प्ले (ढिलेपणा) असेल तर तोही आर्म निम्मा केल्यावर निम्माच पृष्ठभागापर्यंत पोहोचतो. जोराचा हिशोबही तसाच आहे. १.८ किलो-सेंटिमीटरचा सर्व्हो १६ मिमीच्या भोकावर सव्वा किलोहून थोडा कमी ओढतो, ८ मिमीच्या भोकावर सव्वादोन किलो. मेनूतला आकडा कमी करून यातलं काहीच मिळत नाही.

खालचे सगळे आकडे मी एका ठरावीक विमानासाठी देतो आहे: डेप्रॉनचं (फोमच्या पातळ शीटचं), वर पंख असलेलं, १२०० मिमी पंखविस्ताराचं ट्रेनर. पंखाची रुंदी २०० मिमी, एलेरॉनची ४०, एलेव्हेटरची ४५, रडरची तळाशी ६० मिमी. चारही सर्व्हो ९ ग्रॅमचे. तुमचं विमान वेगळं असेल तर रुंदी मोजून आकडे बदला, पद्धत तीच राहील.

सुरुवातीची तयारी

आधी प्रॉप (प्रोपेलर) काढा. थ्रॉटल खाली आहे, स्विच बंद आहे, या भरवशावर राहू नका. आपण मेनूंमध्ये खेळणार आहोत, चॅनेल उलटसुलट करणार आहोत. त्यात एकदा थ्रॉटल रिव्हर्स झाला की टेबलावर बोटं जातात.

मग सीजी. बॅटरी जागेवर ठेवून विमान पुढच्या कडेपासून ५५ मिमीवर बोटांवर तोला. थ्रो आणि सीजी ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. सीजी १० मिमी मागे गेला तर हाच १२ मिमीचा एलेव्हेटर अंगावर धावून येतो, आणि नाक फार जड असेल तर उतरताना तोच अपुरा पडतो. शेपूटजड विमानाचा चुळबुळेपणा थ्रो कमी करून झाकता येत नाही.

रेडिओमध्ये नवीन मॉडेल घ्या. जुन्या विमानाचं मॉडेल कॉपी करू नका, त्यातलं एखादं विसरलेलं मिक्स (एका स्टिकने दुसरा चॅनेलही हलवणारी सेटिंग) नंतर डोकं वर काढतं. सगळे ट्रिम शून्य, सबट्रिम (सर्व्होचा मध्य सरकवणारी सेटिंग) शून्य, एंड पॉइंट १००, ड्युअल रेट (स्विचने बदलणारे लहान आणि मोठे थ्रो, म्हणजे लो आणि हाय रेट) १००, एक्स्पो (स्टिकचा मधला भाग मऊ करणारी सेटिंग) शून्य.

आर्म बसवणं

सर्व्होला वीज द्या, स्टिक सोडून द्या आणि सर्व्हो मध्यावर आला की मगच आर्म बसवा. आर्म आणि पुशरॉड यांच्यात काटकोन हवा, आर्म आणि सर्व्होच्या खोक्यात नव्हे. पुशरॉड तिरका जात असेल तर आर्मही तेवढाच तिरका बसला पाहिजे.

सर्व्होच्या दांड्याला दाते असल्यामुळे आर्म हवा तिथे बसत नाही, थोडा इकडे किंवा तिकडे राहतो. लगेच सबट्रिमकडे धावू नका. चार पायांचा फुलीसारखा आर्म घ्या आणि एकेक पाय लावून पाहा. २५ दात्यांच्या सर्व्होवर एक दाता १४.४ अंशांचा असतो, आणि २५ ला चाराने भाग जात नसल्यामुळे प्रत्येक पाय पाव दात्याने, म्हणजे ३.६ अंशांनी वेगळा बसतो. चारांपैकी एक पाय काटकोनाच्या अगदी जवळ येतोच. तो ठेवा, बाकीचे कापून टाका. उरलेला अंश-दोन अंशांचा फरक सबट्रिमने काढायला हरकत नाही.

आता पृष्ठभागाकडे. एलेव्हेटर आणि स्टॅबिलायझर (त्याच्या पुढचा न हलणारा भाग) यांवर खालून-वरून आइस्क्रीमच्या काड्या ठेवून कपड्यांच्या चिमट्यांनी दाबा, म्हणजे एलेव्हेटर बरोबर मध्यात पकडला जाईल. मग क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची पिनवाली कडी) फिरवत पुशरॉडची लांबी अशी जमवा की पिन हॉर्नच्या (पृष्ठभागावर चिकटवलेल्या भोकांच्या दांडीच्या) भोकात न ढकलता, आपणहून जाईल. २ मिमीच्या आट्यांवर क्लेव्हिसचा एक पूर्ण फेरा म्हणजे ०.४ मिमी, आणि या एलेव्हेटरच्या मागच्या कडेला साधारण १.१ मिमी. अर्धा फेराही देता येतो, पिन फक्त दुसऱ्या बाजूने जाते. झाल्यावर क्लेव्हिसवर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा सरकवा. ही चिमूटभर नळी नसल्यामुळे क्लेव्हिस उघडून विमानं गेलेली आहेत.

हॉर्नच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून पाहा: त्याची भोकं बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर किंवा खाली आली पाहिजेत. तळाला लावलेल्या हॉर्नचं भोक रेषेच्या मागे राहिलं तर पृष्ठभाग वर जास्त आणि खाली कमी जातो. पुढे सरकलं तर उलट. एलेव्हेटरचे दोन्ही थ्रो काही केल्या सारखे येत नसतील तर दहापैकी आठ वेळा कारण इथे सापडतं. हॉर्न उखडून पुन्हा चिकटवणं जिवावर येतं, पण करा.

कोणतं भोक

यासाठी एक सोपा हिशोब आहे. थ्रो = पृष्ठभागाची रुंदी × आर्म ÷ हॉर्न × ०.७. आर्म म्हणजे सर्व्होच्या स्क्रूच्या केंद्रापासून भोकापर्यंतचं अंतर, हॉर्न म्हणजे बिजागरीच्या रेषेपासून त्याच्या भोकापर्यंतचं. ०.७ हा सर्व्हो एका बाजूला ४५ अंश फिरतो असं धरून आलेला आकडा आहे. काही रेडिओ-सर्व्होंच्या जोडीत तो ४० अंशच फिरतो, तिथे ०.६४ घ्या.

आपल्याला एलेव्हेटरचा सगळ्यात मोठा थ्रो, हाय रेटवरचा, १६ मिमी हवा आहे. आर्म ८ आणि हॉर्न १६ घेतला तर ४५ × ०.५ × ०.७, म्हणजे पावणेसोळा मिमी. जमलं. म्हणून आर्मवर आतलं भोक, हॉर्नवर बाहेरचं. ट्रेनरसाठी सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. ४५ अंश थ्रो लागणाऱ्या थ्रीडी, म्हणजे कसरतीच्या विमानात मात्र आर्म आणि हॉर्न सारख्याच लांबीचे लागतात, त्यामुळे तिथे पायरी आणि प्ले दोन्ही मोठे राहतात. महागडे, घट्ट गिअरचे सर्व्हो तिथेच खऱ्या अर्थाने लागतात.

भोक पुशरॉडच्या तारेपेक्षा मोठं असेल तर वरची सगळी मेहनत वाया जाते. सायकलच्या स्पोकची तार २ मिमीची असते. ती ९ ग्रॅमच्या सर्व्होच्या आर्ममध्ये बसवायला भोक इतकं मोठं करावं लागतं की आर्म कमकुवत होतो. या आकाराच्या विमानाला १.२ किंवा १.५ मिमीची पियानो वायर पुरते. भोक तारेहून किंचित लहान पाडा आणि झेड बेंड (तारेचं Z सारखं वाकवलेलं टोक) फिरवत फिरवत आत घाला. पुशरॉड लांब असेल तर मध्ये आधार द्या, नाहीतर ढकलताना तो वाकतो आणि वेगात एलेव्हेटर हवेनेच परत सरकतो. टेबलावर हे कधीच दिसत नाही. म्हणून सर्व्हो चालू ठेवून एलेव्हेटर बोटाने हलका दाबा आणि पुशरॉड धनुष्यासारखा वाकतो का ते पाहा.

दिशा

विमानाच्या मागे उभे राहा, शेपूट तुमच्याकडे. स्टिक मागे ओढली की एलेव्हेटर वर. रडरची स्टिक उजवीकडे, तर रडरची कड उजवीकडे. एलेरॉनमध्ये नवखेच नाही, जुने लोकही चुकतात. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली गेला पाहिजे. अंगठा स्टिकवर उभा धरा. स्टिक ज्या बाजूला नेता, अंगठा त्या बाजूला कलतो, आणि त्याच बाजूचा एलेरॉन वर उठलेला हवा. चूक दिसली तर रिव्हर्स मेनू वापरा. ही तपासणी आज करून भागत नाही. प्रत्येक उड्डाणाआधी, मैदानावर, पुन्हा करायची.

मोजायचं कसं

थ्रो पृष्ठभागाच्या सगळ्यात रुंद जागी, मागच्या कडेला मोजतात. निमुळत्या एलेव्हेटरच्या टोकाला मोजलेले १२ मिमी आणि मुळाशी मोजलेले १२ मिमी यांत कित्येक अंशांचा फरक असतो. प्लॅनवर अंश दिले असतील तर रुंदीला गुणा: १० अंशांना ०.१७, १५ ला ०.२६, २० ला ०.३४, २५ ला ०.४२, आणि ३० ला बरोबर निम्मी रुंदी. त्यावरून आपल्या एलेव्हेटरचे १२ मिमी म्हणजे साडेपंधरा अंश.

पट्टी हातात धरून मोजलं की दर वेळी वेगळा आकडा येतो. त्यापेक्षा जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची मोजणी बनवा. पुठ्ठ्यावर उभी रेघ, मध्ये शून्य, वर-खाली प्रत्येक २ मिमीला खूण. तो लाकडी ठोकळ्याला काटकोनात चिकटवा, गुण्या लावून तपासा आणि ठोकळा मागच्या कडेजवळ टेबलावर ठेवा. विमान हलू नये म्हणून पंखाखाली पुस्तकं लावा. स्टिक पूर्ण ओढा, वाचा, सोडा, शून्यावर परत आलं का पाहा. मग दुसऱ्या बाजूला. शून्यावर परत येणं मला थ्रोइतकंच महत्त्वाचं वाटतं. वर नेऊन सोडलं आणि खाली नेऊन सोडलं, या दोन वेळच्या मध्यांत अर्ध्या मिमीहून जास्त फरक असेल तर कुठेतरी घर्षण आहे. पुशरॉडची नळी वाकडी असेल, बिजागरी ताठ असेल किंवा टेपची बिजागरी नीट दुमडत नसेल. आधी ते काढा. रेडिओतून यावर काहीच उपाय नाही.

सुरुवातीचे आकडे या विमानाला असे ठेवा. लो रेट: एलेव्हेटर १२ वर आणि १२ खाली, एलेरॉन १० वर आणि ६ खाली, रडर २२. हाय रेट: एलेव्हेटर १६, एलेरॉन १४ आणि ९, रडर २८. लिंकेज (आर्म, पुशरॉड आणि हॉर्नची जोडणी) हाय रेटच्या आकड्यांवर जमवा. उरलेला मिलिमीटरभर फरक एंड पॉइंटने काढा. एंड पॉइंट ८५ ते ११० च्या बाहेर जायला लागला तर थांबा आणि भोक बदला.

एलेरॉन वर जास्त, खाली कमी

खाली जाणारा एलेरॉन त्या बाजूचा पंख उचलतो, पण त्याचबरोबर ओढही वाढवतो, म्हणून नाक वळणाच्या उलट्या दिशेला जातं. सपाट तळाच्या जाड पंखावर हे फार जाणवतं: उजवीकडे वळायचं असतं आणि विमान आधी डावीकडे तोंड वळवतं. यासाठी खालचा थ्रो कमी ठेवतात. दोन्ही एलेरॉन सर्व्हो वेगळ्या चॅनेलवर असतील तर प्रत्येकाचे वरचे आणि खालचे एंड पॉइंट वेगळे ठेवता येतात, किंवा रेडिओत डिफरेन्शियल असेल तर तेच वापरा. इथे रेडिओ वापरणं योग्यच आहे.

दोघे एकाच वाय केबलवर (एका चॅनेलला दोन सर्व्हो जोडणाऱ्या वायरवर) असतील तर तो मार्ग बंद होतो, मग आर्म तिरके लावावे लागतात. सर्व्हो पंखाच्या तळाला आणि हॉर्नही तळाला असेल तर दोन्ही आर्म काटकोनातून एक दाता पुढच्या कडेकडे झुकवा आणि पुशरॉडची लांबी पुन्हा जमवा. साधारण १५ अंश झुकवल्यावर वरचा थ्रो खालच्याच्या सव्वापट होतो. हॉर्नचं भोक बिजागरीच्या थोडं मागे नेलं तर प्रमाण आणखी वाढतं, आणि आधी चूक म्हणून सांगितलेली गोष्ट इथे कामाला येते. दोन्ही पंखांवर हुबेहूब सारखं हवं. एका बाजूला एक दाता आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही असं झालं तर विमान एका बाजूला चपळ आणि दुसऱ्या बाजूला सुस्त वळेल.

रडरबद्दल फार सांगण्यासारखं नाही, दोन्ही बाजू सारख्या ठेवा. फक्त पुढचं चाक त्याच सर्व्होवर असेल तर त्याचा पुशरॉड आर्मच्या सगळ्यात आतल्या भोकात घाला, कारण रडरला लागणारे २१ अंश चाकाला मिळाले तर धावपट्टीवर विमान गिरकी घेतं. फ्लॅप (पंखाच्या मुळाशी खाली उतरणारे पृष्ठभाग) असतील तर टेकऑफला १० ते १५ अंश आणि लँडिंगला ३० च्या आसपास ठेवा आणि दोन सेकंदांत सावकाश उतरू द्या.

ड्युअल रेट आणि एक्स्पो

पृष्ठभागाचा परिणाम वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की तोच १२ मिमी चौपट काम करतो. म्हणून वेगात लो रेट, आणि सावकाश, जमिनीजवळ, जोराच्या वाऱ्यात हाय रेट. दोन्ही रेट एकाच स्विचवर ठेवा, एलेरॉनचा वेगळा आणि एलेव्हेटरचा वेगळा नको; गडबडीत बोट चुकतं.

एक्स्पोने शेवटचा थ्रो बदलत नाही, मधला भाग मऊ होतो. लो रेटला २०, हाय रेटला ३० टक्क्यांनी सुरुवात करा. इथे एक सापळा आहे. फुटाबाच्या रेडिओत मऊ करायला आकडा उणे टाकावा लागतो, स्पेक्ट्रमवर अधिक. मित्राचा आकडा जसाच्या तसा टाकला आणि चिन्ह उलटं पडलं तर विमान मध्यावर भयंकर तिखट होतं. पुठ्ठ्याची मोजणी परत लावा आणि स्टिक अर्धी ओढा. १२ मिमीच्या थ्रोला अर्ध्या स्टिकवर ६ मिमीपेक्षा कमी, साधारण ५ च्या आसपास यायला हवं. ६ पेक्षा जास्त आले तर चिन्ह बदला.

आता हाय रेटवर दोन्ही स्टिक चारही कोपऱ्यांत न्या आणि कान द्या. टोकाला सर्व्हो सतत गुणगुणत असेल तर तो कशाला तरी अडतोय: हॉर्न फोमला टेकतोय, आर्म खोक्याला घासतोय किंवा एलेव्हेटर रडरच्या तळाला लागतोय. अडलेला सर्व्हो सतत करंट खातो, आणि छोट्या ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग) चार सर्व्हो एकदम ओढताना दमला तर रिसीव्हरचीच वीज पडते. कारण शोधून कापा किंवा घासा. मग रेंज चेक (रेडिओच्या पल्ल्याची तपासणी) करा आणि प्रॉप परत लावा.

पहिलं उड्डाण

सकाळी लवकर, वारा उठायच्या आधी. टेकऑफ हाय रेटवर, उंचीवर पोहोचल्यावर लो रेट. आधी ट्रिम करा: अर्ध्या थ्रॉटलवर, स्टिक सोडून, सरळ आणि सपाट. नंतर भरपूर उंचीवर थ्रॉटल पूर्ण खाली करा आणि लो रेटवर एलेव्हेटर सावकाश पूर्ण ओढा. विमानाने नाक वर धरून, वेग कमी होत, शेवटी हळूच नाक टाकलं तर थ्रो बरोबर आहे. झटकन एका पंखावर पडलं तर वरचा थ्रो २ मिमीने कमी करा. नाक उचलतच नसेल तर वाढवा, पण त्याआधी सीजी पुन्हा तोला. लँडिंगच्या वेळी हात कमी पडला असं वाटलं तर ते लिहून ठेवा. हवेत सारखं हाय आणि लो करत बसू नका.

उतरल्यावर ट्रिम किती टिचक्या गेलाय ते पाहू नका, पृष्ठभाग पाहा. स्टिक मोकळी असताना एलेव्हेटर स्टॅबिलायझरपेक्षा किती मिमी वर किंवा खाली उभा आहे ते मोजा, क्लेव्हिस तेवढे अर्धे-पूर्ण फेरे फिरवा आणि ट्रिम शून्यावर आणा. मिमीचा फरक ३ हून जास्त असेल तर पंखाचा किंवा मोटरचा कोन चुकला आहे, लिंकेज नव्हे. प्लास्टिकच्या नळीत प्लास्टिकचा पुशरॉड असेल तर हे काम सकाळच्या थंडीत आणि दुपारच्या उन्हात वेगवेगळं येईल, कारण तो उन्हात लांबतो. ज्या वेळी उडवता त्याच वेळी जमवा.

तिसऱ्या-चौथ्या उड्डाणानंतर आकडे स्थिर होतात. तेव्हा पुठ्ठा पुन्हा लावून सगळे थ्रो एकदा मोजा आणि बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहा: प्रत्येक पृष्ठभागाचे मिमी, आर्मचं कितवं भोक, हॉर्नचं कितवं भोक, सीजी, आणि तारीख. उद्या सर्व्हो जळून नवा बसवायची वेळ आली तर रेडिओतले टक्के उपयोगाचे नसतात. झाकणातले मिमी असतात.